पत्रातलं नाव

निवृत्त मास्तर रामहरींनी तीन वर्षं पुस्तकावरून फ्रेंच शिकून दूरच्या रियुनियन बेटावरच्या एका लॉजला पत्र लिहिलं. डोंगर चढायचाय, रानं पाहायचीत, खोली मिळेल का? पाकीट चिकटवणार, तेवढ्यात बायको, मथुराबाई, शेजारी येऊन टेकल्या.

"रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याला दोन फेऱ्या मारतीय मी. डोंगरावर माज्यापायी तुमाला थांबायला नको."

रामहरींनी घाईनं डिंकाची बाटली उघडली.

"अवो, माजं नाव कुटं लिवलंय, दावा की."

बाहेर काढलेल्या पत्रावरून फिरत फिरत रामहरींचं बोट एका शब्दावर थांबलं.

"लई झाक दिसतंय की," म्हणत मथुराबाईंनी त्यावरून हलकेच हात फिरवला. शरमेनं रामहरींना वर बघवेना.

त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ होता, 'एकटाच'.