लाल मोटारीची टायरं

"हे बी नको. जड हाय," म्हणत रेवणसिद्धानं ते टायरही बाजूला लोटलं, तसा ईश्वरअप्पाचा जीव वरखाली झाला.

दुसरं गिऱ्हाईक असतं तर अप्पानं केव्हाच कोपरापासून हात जोडले असते. पण आज परभणीच्या त्याच्या टायरच्या दुकानात बसला होता तो त्याचा होणारा व्याही. सोनपेठचा बागायतदार. त्याच्या लेकीशी, महादेवीशी, अप्पाच्या थोरल्याची सुपारी फुटलेली, आणि अप्पाची अट एकच. हुंडा नको, मानपान नको, वरात तेवढी मोटारीतून निघाली पाहिजे. टायरवाल्याचा पोरगा बैलांच्या मागं बसून मिरवणार नाही म्हणजे नाही!

हट्टाला कारण होतं. समोरच्या कापडदुकानवाल्या चंद्रभाननं मागच्या वैशाखात पोराची वरात डॉक्टरच्या नव्या कोऱ्या मारुतीतून काढली होती. तेव्हापासून अप्पा दिसला की हा गडी मुद्दाम मारुतीचाच विषय काढायचा. अप्पाला अन्न गोड लागेना. मग तो पोरगी बघायला सोनपेठला गेला, आणि रेवणसिद्धाच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली, त्याला ती दिसली. लालभडक, बुटकी, दोनच सीटांची, बिनछपराची. हैदराबादच्या कुण्या नवाबाची शर्यतीची मोटार! निजामी बुडाली तेव्हा रेवणसिद्धाच्या बापानं ती मातीमोलानं उचललेली. चारी टायरं तेवढी झिजून गोटा झाली होती. अप्पानं पोरीकडं धड बघितलंसुद्धा नाही. मोटार बघितली आणि पसंती कळवून टाकली.

"अहो पावणं, शर्यतीची मोटार हाय ती," अप्पा काकुळतीला येऊन म्हणाला. "वाऱ्यासारखी पळणारी. तिला असं रुंद टायर पायजे, रस्ता धरणारं."

"पळत न्हाई हो लय. गरीब हाय आमची. बाजाराला मी हिच्यातनंच जातो की."

"का? इंजिनात काय खोट हाय?"

"हां! इंजिनाला नाव ठिऊ नका," रेवणसिद्ध दुखावला. "रातंदिस चालतंय. लाईट गेली तरी चालतंय."

लाईटचा इथं काय संबंध, हे अप्पाच्या ध्यानात आलं नाही. पण व्याह्याला उलटं विचारणं बरं दिसत नाही. नवाबी मालाची तारीफ असेल म्हणून त्यानं मान डोलावली.

"आन आवाज?"

"मोटारीचा? बिलकुल न्हाई. पाण्याचं तेवढं बघावं लागतंय. लांब जायचं झालं तर वाटंत दोनदा पाजावं लागतं."

"जुन्या मोटारींचं तसंच असतंय," अप्पा जाणत्यासारखा म्हणाला.

शेवटी रेवणसिद्धानं फियाटचं एक अरुंद टायर उभं केलं आणि बोटानं ढकललं. ते गरगरत गेलं आणि नेमक्या चहाच्या वेळेला दारात उभ्या राहिलेल्या चंद्रभानच्या पायाशी जाऊन पडलं.

"हेच द्या चार," रेवणसिद्ध खूश झाला. "बोट लावलं की पळतंय."

"या, या चंद्रभानशेट!" अप्पाचा आवाज आपोआप चढला. "आमच्या व्याह्यांच्या शर्यतीच्या मोटारीला टायरं बघायलोत. वरातीला यायचं बरं का. सोमवारी."

सोमवार अप्पानं आग्रहानं धरला होता. महादेवाचा वार तो. त्याच्या घरी सोमवार म्हणजे उपास, आणि गावाकडच्या शेतात त्या दिवशी बैलांना मोकळीक. खांद्यावर जू चढवायचं नाही, वाडवडलांपासूनचा नेम. जंगमस्वामींनी मुहूर्तही सोमवारचाच काढला होता. बाजारातल्या मंडळींसाठी दोन एसट्या सांगून झाल्या होत्या.

रेवणसिद्धानं मान खाली घातली. "लगीन लावू की सोमवारी. वरात मातर मंगळवारी काढू."

"का म्हणून?" अप्पा उसळला. "समदं परभणी सोमवारी येणार, आन मी काय त्यांला ताडपत्री दाखवू? सोमवारी मोटार निघणार नसंल, तर सोयरीक मोडली म्हणा!"

"आधी ती निघती का ते तरी इचारा, अप्पा," चंद्रभान मिशीत हसला.

रेवणसिद्धाचं तोंड एवढंसं झालं. लेकीचं ठरलेलं लग्न टायरांच्या ढिगात मोडायला निघालं होतं. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"अप्पा, तुमी गोठ्यात बघितली तवा मला वाटलं, तुमाला ठाव हाय. इंजिन दुष्काळाच्या साली काढून विहिरीवर बसवलं. त्याच्या पाण्यावर ऊस उभा हाय. मोटार ऱ्हायली, ती बैलं ओढत्यात. लय देखणी जोडी हाय, पांढरीशुभ्र. आता तुमीच सांगा, सोमवारी त्यांच्या मानंवर जू ठिवू?"

चंद्रभान पोट धरून हसायला लागला. अप्पाचे कान लाल झाले. त्यानं व्याह्याकडं बघितलं, पटक्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं. तसबिरीत महादेव होते आणि त्यांच्या पायाशी नंदी बसला होता.

अप्पानं उठून पटका उचलला आणि व्याह्याच्या डोक्यावर नीट बसवला.

"वरात मंगळवारी," तो म्हणाला, आणि ऐटीत समोरच्याकडं वळला. "काय चंद्रभानशेट, तुमच्या मारुतीपुढं नंदी होता का?"