ग्रीसचा डबा

उंब्रजच्या माळावर उसाला औषध मारायला आलेलं छोटं हेलिकॉप्टर उभं होतं. लष्करातून परतलेला मेकॅनिक आकाराम ग्रीसच्या डब्यावरचा नंबर पुस्तकाशी तिसऱ्यांदा ताडून बघत होता. "उस्ताद, शेवटी ग्रीसच ना ते! किती बघाल?" तरुण पायलट हसला. आकारामनं डबा झाकला. बाहत्तरच्या हिवाळ्यात, बर्फाच्या मुलखात, न गोठणारं ग्रीस संपलं म्हणून घाईत त्यानं साधंच लष्करी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्यात भरलं होतं. ते हवेत गोठलं. ते उडवणारे कॅप्टन मानसिंग परत आले नाहीत. चौकशीत खापर धुक्यावर फुटलं. आकारामनं तोंड उघडलं नाही. तेवढ्यात, आकाराम आल्याचं कळून, मलकापूरहून मानसिंगांची आई चंद्राबाई नारळ घेऊन आली. तिनं हेलिकॉप्टरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पायलटच्या हातावर खोबरं ठेवलं. "बिनघोर जा, लेकरा. माज्या मानसिंगचं मशीनबी ह्योच बघायचा." झाकलेला डबा आकारामनं पुन्हा उघडला आणि पुस्तक चौथ्यांदा समोर धरलं.