शंखगडाची ओहोटी

या, असे सतरंजीवर पुढे सरकून बसा. समुद्रातल्या किल्ल्याची गोष्ट सांगतो. ऐकली मात्र इकडे भडगावजवळ, मारुतीच्या मंडपात, भर दुपारी.

दिपमालाचं गावातलं ते पहिलं कीर्तन. तिचे गुरू रुपचंदबुवा उत्सवात चाळीस वर्षं उभे राहिले. आता घसा गेला, म्हणून त्यांनी शिष्येला पुढे केलं. उत्सवाची व्यवस्था बघणारे प्रेमराजभाऊ राजी नव्हते. "एक डाव दखू," ते बुवांना म्हणाले होते. "नही जमनं ते पुढला सालले पाचोराथून कोनी तरी लयसू."

पूर्वरंग गोड झाला. तिला हार घातला, बुक्का लावला, आणि तिने शंखगडाच्या वेढ्याचं आख्यान लावलं. समोर शत्रूची गलबतं. दारूगोळा संपलेला. तटाआड बायका-पोरं, किनारा दिसतो, पण मध्ये पाणी. दिपमालाने हात उंच केले.

"देवाला दया आली. यमुनेने वसुदेवाला वाट दिली, तसा त्या पहाटे समुद्र दुभंगला. असा चमत्कार आधी कधी झाला नाही, नंतर झाला नाही."

"रोज व्हस," पुढच्या रांगेतून तोताराम नाना म्हणाले. बंदरावर तीस वर्षं हमाली करून ते गावी परतले होते. "दिनमा दोनदा समुद्र मांगे जास, बेटी. तेले ओहोटी म्हंतस."

बायकांत हसू पसरलं. तबला थांबला. प्रेमराजभाऊंनी बुवांकडे असं पाहिलं की बुवांनी मान खाली घातली.

गिरणाकाठची पोर ती. पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, एवढंच तिला ठाऊक. रेटून नेता आलं असतं. टाळ जोरात वाजले की पुष्कळ चुका झाकल्या जातात. पण पायाखाली नारदाची गादी होती. तिथून खोटं बोलायचं नसतं.

तिने चिपळ्या खाली केल्या. "चुकनू मी, नाना. समुद्र दखेल नही. तुम्हीच सांगा." मग म्हणाली, "पन रोज व्हस, म्हनीसन तो देवना नही का?"

नानांनी मान डोलावली. "देवनाच शे," ते म्हणाले, आणि बसल्या जागेवरून सांगू लागले. सहा तास पाणी उतरत जातं. खडक उघडे पडतात, पण वर शेवाळ. पाय ठरत नाही. मधेमधे माणूसभर खोल कपारी. "वाट माहीत नही तो मानूस गया. कडेवर पोरे लिसन निंघनात, मंग पुढे कोन व्हतं?"

"बखरीत नाव नाही," दिपमाला म्हणाली. "कोळ्यांची एक बाई, एवढंच आहे."

आणि तिने तेवढंच गायला घेतलं. टाळ हळू, तबला त्याहून हळू. एक पाऊल, मग दुसरं. बाई पुढे, काठीने खडक चाचपत. मागे सगळा किल्ला. मंडपातल्या बायकांनी पाय पोटाशी ओढून घेतले. नानांनी धोतर घोट्यावर धरलं. शेवटचं लेकरू वाळूला टेकलं, तेव्हा अख्खा मंडप एकदम सैल झाला. बुवा आवाज न करता हसत होते, आणि डोळे वाहत होते.

प्रेमराजभाऊंनी उपरण्याने नाक पुसलं. "पाचोराले काही कळाडू नका," ते शेजारच्याला म्हणाले.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल, हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावाल. तेव्हा घटकाभर त्या कोळिणीला आठवा. तिच्या नावाची पणती लावायची, तर तिचं नावच कुणाला ठाऊक नाही.