डोमकळी

"पप्पा, हे वांगं हसतंय," मानसी म्हणाली.

कुंदनने चष्मा कपाळावर सरकवून कॉम्प्युटरकडे पाहिलं. वांग्याला त्याने कवटीचे डोळे दिले होते, दात दिले होते, देठात इंजेक्शनची सुई खोचली होती. तरी ते वांगं लग्नाला निघाल्यासारखंच दिसत होतं. त्याआधी काढलेल्या मक्याच्या कणसाचीही तीच गत. दाण्यादाण्यात विष दाखवायला गेला, तर मोत्यांची नक्षी झाली.

रविवार होता, सुरतेच्या डिंडोलीतल्या घरात दुपारचे तीन वाजले होते. मंगळवारी मानसीच्या कॉलेजातली पोरं मोर्चा काढणार होती, जनुकं बदललेल्या बियाण्यांविरुद्ध. तीस टी-शर्ट छापायचे होते आणि बमरोलीचा छपाईवाला चारच्या आत चित्र मागत होता. चित्र माझे पप्पा काढतील, असं मानसीने सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

पप्पा बावीस वर्षं साड्यांची डिझाइनं काढत होते. शेठने पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता, फूल असं काढ की बघणाऱ्या बाईचा हात आपोआप पुढे आला पाहिजे. कुंदनने तशी फुलं काढली, आठवड्याचे सहा दिवस, वर्षामागून वर्षं. आता मनगट ठणकायचं, डोळ्यांची आग व्हायची. आणि सातव्या दिवशी हाताला म्हणावं, बाबा रे, जरा भेसूर काहीतरी काढ, तर तो मुकाट वेलबुट्टी काढायला बसायचा. जित्याची खोड, दुसरं काय!

मानसीने वांग्याचा फोटो पाठवला होता; फोनवर मैत्रिणीचा आवाज आला, "सरस छे, पण बीक नथी लागती."

"छान आहे म्हणते, पण भीती वाटत नाही," मानसीने उगाचच समजावून सांगितलं. सुरतेत जन्म घालवलेल्या बापाला गुजराती कळत होतं.

कुंदनने तिसरं चित्र घेतलं. या वेळी कपाशीचं फूल. पूर्ण उमललेलं फूल कापडावर पसरतं, मिटलेलं स्वच्छ छापलं जातं, म्हणून सवयीने त्याने पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटवून टाकली. गुलाबी रंग भरला. चित्र छापून कागद मानसीच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला, आरशात पाहिलं आणि पाहतच राहिली. फूल देखणं होतं. तेच तर चुकलं होतं.

"राहू दे पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही दमलात. मी नेटवरून कवटी उचलते."

मायेने म्हणाली, म्हणून जास्त लागलं. शेठने आजवर त्याची शेकडो डिझाइनं नापास केली होती, पण त्याला असं कधी झालं नव्हतं. पोरीने आयुष्यात एक चित्र मागितलं आणि तेवढंही आपल्याला जमू नये!

तेवढ्यात उषाबाई चहा घेऊन आल्या. कुंदनची आई. हातपाय चालले तोवर अमळनेरकडे लोकांच्या कपाशीत राबल्या, मग लेकाकडे आल्या. त्यांची नजर नातीच्या छातीवरच्या कागदावर गेली. त्यांनी होत्या तिथेच कप जमिनीवर टेकवले. हात पुढे आला. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत त्यांनी फूल धरलं आणि पिळून तोडलं. कागद टरकन फाटला.

"आजी! काय करतेस?"

उषाबाईंना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"डोमकळी शे," त्या म्हणाल्या. "हाई फूल कधी उमलत नही, पोरी. आतमा अळी शे. दिसनी का तोडी टाकनी पडस."

"पण त्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणतात ना?"

"कंपनीना मानूस बी तेच सांगे. तीन साल नही लागनी. चौथा साले वावरमा गयात, तं बठ्ठं वावर असंच. गुलाबी. इतलं देखणं, का आम्ही बाया बांधवरच बशी गयात."

मग बाया दिवसभर वाकून शेतभरच्या त्या कळ्या तोडत. दुसऱ्या दिवशी तितक्याच पुन्हा असत. उषाबाईंनी हे फार शब्दांत सांगितलं नाही. नुसती चिमूट मिटून उघडून दाखवली, पुन्हा पुन्हा.

मानसीने घड्याळ पाहिलं.

"पप्पा, हेच पाठवा."

"लोकांना नाही कळायचं, बेटा."

"आजीला कळलं ना."

कुंदनने फाइल पाठवली. चाराला दहा मिनिटं कमी होती. काही जिंकल्यासारखं त्याला वाटलं नाही. आता मनगट जरा टेकवता येईल, एवढंच वाटलं. मानसी मैत्रिणीला फोन करायला गॅलरीत गेली.

उषाबाई खाली बसून फाटका कागद मांडीवर सारखा करत होत्या. पाकळ्यांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "बियानी थैलीवर बी असंच फूल व्हतं. भलतं देखणं. मी ती थैली फेकी नही, तीनामा दाळ ठेवू." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कोन काढे रे ते?"

कुंदनने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं.

"मन्हासारखाच कोनी व्हई, माय," तो म्हणाला. "पगारी."