बिनआवाजी क्लास

बंद दारामागे क्लास चालू होता आणि आवाजाचं नाव नव्हतं. थोरला चपला शोधायच्या निमित्ताने दाराशी वाकला. शिकवणी म्हटली की कोणी शिकवतं, कोणी चुकतं, कोणी ओरडा खातं. इथे टाचणी पडली तर ऐकू यावी.

"बॅटरीच्या गाड्यांचा कोर्स लावलाय, दादा," असं धाकट्याने सांगितलं होतं. दोघा भावांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. थोरल्याने ते उभं केलं, धाकट्याला हाताला धरून आत घेतलं, आणि उभी हयात सायलेन्सरच्या तोंडाशी बसून काढली. "ज्या गाडीला आवाजच नाही, तिच्यात शिकायचं काय?" त्याने विचारलं होतं. धाकटा नुसता हसला. ते हसणं थोरल्याने संशयाच्या खात्यात जमेला धरलं.

जमा बरीच साठली होती. गिऱ्हाइकं हल्ली गाडी लावली की थेट धाकट्याकडे जात आणि तिची सगळी कुरकुर त्याच्याच कानावर घालत. थोरला जवळ गेला की बोलणं हलक्या आवाजात. घरात माणसं चार; त्यातली तीन जेवताना कुजबुजत, आणि याने वर पाहिलं की गप्प होत. बायकोचं तर नवीनच टुमणं: "अहो, एकदा तपासून घ्या ना." कशाला? आजारी ठरवलेला माणूस गल्ल्यावरून उठवायला सोपा, एवढं त्याला कळत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मिश्या ओल्या राहतातच.

लेक कॉलेजात जाते, तिला विचारावं. "हे ऑनलाइन शिक्षण किती तऱ्हेचं असतं गं?"

लेक पुढ्यात येऊन बसली. हल्ली ती बापाशी एकेक शब्द तोंडभर करून बोलायची, जणू तो बालवाडीत आहे. "एक लाइव्ह, बाबा. शिकवणारा पलीकडे, आपण अलीकडे, वेळ एकच. चुकली की गेली. दुसरं रेकॉर्ड केलेलं. वाटेल तेव्हा बघा, वाटेल तिथे थांबवा. तिसरं मिश्र. थोडं घरी बघायचं, थोडं तिथे जाऊन समोरासमोर करायचं."

"आणि यातलं तुझ्या काकाचं कुठलं?"

लेकीने नजर चुकवली. तीही जमेला गेली.

मग थोरल्याने इंजिन उघडावं तसा धाकटा उघडला. रेकॉर्ड केलेलं नव्हे, कारण मध्येच हाक मारली तर हा उठत नाही. लाइव्ह म्हणावं, तर पलीकडचा बोलत का नाही? राहिलं मिश्र. रविवारी 'प्रॅक्टिकल'ला जातो खरा. पण येतो तेव्हा नखात काळं नाही, बाहीला डाग नाही. गॅरेजवाल्याचं प्रॅक्टिकल, आणि हात नवऱ्या मुलासारखे? म्हणजे कोर्स नव्हेच. सौदा. कोणीतरी पैसेवाला गाठलाय आणि वेगळं गॅरेज काढायचं ठरतंय. त्यात हल्ली त्या बंद दारामागे बायको जाऊन बसायची, मागोमाग लेक. म्हणजे घरही फोडलं.

थोरल्याने मनाशी ठरवून टाकलं. या रविवारी पकडला की सोमवारी वाटणी. पाटीवरचं 'ब्रदर्स' स्वतःच्या हाताने खरवडून काढायचं.

रविवारी बायको "बहिणीकडे जाऊन येते" म्हणाली, लेक "मैत्रिणीकडे". धाकटा निघाला. थोरल्याने चार गाड्या मध्ये ठेवून आपली स्कूटर मागे घातली. एका वळणावर ट्रक अगदी अंगाला घासून गेला. हॉर्न द्यायचीसुद्धा रीत उरली नाही लोकांना.

एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल होता. थोरल्याने दार लोटलं. आत मोटर नाही, बॅटरी नाही, साधा पाना नाही. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर जोडीजोडीने बसलेली माणसं, आणि चिडीचूप. भर दुपारी, इतकी माणसं, आणि शब्द नाही! खिडकीजवळ धाकटा बसला होता. त्याच्यासमोर बहिणीकडे गेलेली बायको. शेजारी मैत्रिणीकडे गेलेली लेक.

"वेगळं व्हायचं तर तोंडावर सांगा!" थोरला गरजला.

हॉल भरलेला होता. दचकून वळल्या त्या तीनच माना. बाकीचे पाठमोरे होते ते तसेच राहिले. त्यांचे हात हवेत हलत होते, बोटं जुळत होती, सुटत होती, आणि समोरचे ते वाचून हसत होते. मधे उभ्या असलेल्या बाई एकाची बोटं धरून नीट करून देत होत्या. तेव्हा थोरल्याला उमगलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा हा वर्ग. हातांनी बोलायला शिकवणारा.

राग अर्धा उतरला. संशय काही हलला नाही.

"हे शिकताय? यासाठी माझ्याशी खोटं? आपल्या घरात बहिरं कोण आहे?"

धाकटा उठून त्याच्या अगदी समोर आला, आणि त्याने उत्तर दिलं. पण तेच, गिऱ्हाइकं देतात तसं, दबक्या आवाजात.

"इथेसुद्धा कुजबुज? मोठ्याने बोल!"

धाकटा पुन्हा बोलला. त्याच्या मानेची शीर तटतटून वर आली होती, चेहरा लालबुंद झाला होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीने आपले दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.