पंचवीस अंश

शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा मिस्त्री गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या गाडीखाली होता. घराखाली चार्जिंगला लावलेली बायकोची इलेक्ट्रिक गाडी पेटली होती आणि वरच्या खोलीत दुपारची पडलेली बायको धुरानं गेली होती.

आठवड्यानं त्यानं गाडीतला अर्धवट जळालेला चार्जर टेबलावर घेतला. तो फार तापलाय असं दाखवून चार्जिंग सारखं बंद पडायचं, म्हणून मागच्याच महिन्यात धाकट्या भावानं त्यातला तापमानाचा सेन्सर बदलला होता. "नवा कोरा टाकलाय, वहिनी. खुशाल लाव आता चार्जिंगला," असं छातीठोकपणे म्हणाला होता.

आता तोच भाऊ दारातून म्हणाला, "दादा, कशाला उकरत बसलायस? वहिनी काय परत येणार आहे?"

सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर निघाला. कितीही तापलं तरी चार्जरला पंचवीसच अंश सांगणारा. बिघाड सेन्सरचा की वायरचा, हे बघायला तो घटकाभर लावतात आणि लगेच काढतात.

विसरला असेल काढायला, अशी मिस्त्रीनं स्वतःची समजूत घातली. पण असा विसर पडू नये म्हणूनच त्याला लाल चिंधी बांधायची, ही दोघा भावांच्या गॅरेजची शिस्त होती.

इथं ती चिंधी नव्हती, उलट कुणाला दिसू नये अशी काळी टेप बेतानं गुंडाळली होती.



मिस्त्रीचा पोलिसांना जबाब द्यायचा अजून राहिला आहे.