आधी साइझ ठरू दे

शिरीषला गाडीमागे ओढून न्यायची, आत राहता येईल अशी फायबरग्लासची कॅरॅव्हॅन घ्यायची होती.

"बहरीन तासाभरात संपतो. जाणार कुठे?" हेमाने विचारलं.

"आधी साइझ तर ठरू दे," म्हणत त्याने रिफातल्या त्यांच्या दुमजली व्हिलाच्या हॉलमध्ये फरशीवर टेप चिकटवून एकवीस फुटी मॉडेल आखलं. पलंग, टेबल, शेगडी, दार, सगळं मापात. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत नवराबायकोने आतच राहायचं. बाथरूमला जायचं झालं तर आधी "पेट्रोल पंप आला" असं म्हणायचं.

पुढच्या आठवड्यात सतरा फुटी आखलं. त्यात एकजण पोळ्या लाटायला उभा राहिला की दुसऱ्याला पलंगावर पाय वर घेऊन गप्पा मारण्यावाचून इलाजच नव्हता. शेजारची पॅट्रिशिया केक घेऊन आली, तर तीसुद्धा टेपच्या दाराबाहेर चपला काढून, हवेत टकटक करून थांबली.

ती गेल्यावर शिरीष ओशाळला. "तुझंच खरं. वेडेपणा आहे हा. खलास." तो टेप उपटायला वाकला, तर हेमाने त्याचा हात धरला.

"या घरात तुला जेवायला बोलवायचं तर मला खालून वर फोन करावा लागतो," ती म्हणाली. "आता तेरा फुटी आख."